कौसाबाईचं आमेन

“फट... फट... असा आवाज यायचा. दोनदाच.”

“कशाचा, बाबा?”

“वहाणांचा.”

निरंजननं मांडीवर वही उघडलेलीच होती. पेनाचं टोपण काढून तो थांबला.

“वहाणांचा म्हणजे?”

शद्रकबाबांनी ओट्यावर बसल्या बसल्या हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला सारलं. पेरणीसाठी शेंगा फोडायचं काम होतं आणि त्यांना ते आवडायचं, कारण त्यात घाई करून भागत नाही. दाणा दुखावला तर उगवत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचं वय, चौथीपर्यंतची शाळा, आणि पन्नास वर्षं गावोगाव पायी हिंडून केलेलं प्रचारकाचं काम. बोलायचे ते फार सावकाश. ऐकणाऱ्याला वाटावं, झालं यांचं बोलून. आणि मग उरलेलं वाक्य यावं.

“यिर्मया मास्तर म्हणून होते. मी विशीतला, त्यांच्या हाताखाली. कुणाच्या घरी भेटीला गेलं की मास्तर कोपऱ्यावरच थांबायचे. वहाणा काढायच्या, एकीवर एक आपटायच्या. फट... फट... मग शंभर आकडे मोजायचे. मग दाराशी जायचं.”

“धूळ झाडायला.”

“मलाही तसंच वाटायचं.”

“मग?”

“एकदा मी पुढं पळालो. आवाज व्हायच्या आधीच दारात.” बाबांनी आणखी एक शेंग घेतली, पण फोडली नाही. “घरातल्या बाईला लुगडं एकच होतं. ते धुऊन वाळत टाकलं होतं, अन् बाई गोणपाट गुंडाळून बसली होती. मी बघितलं... मी बघितलं ते तिनंही बघितलं.”

“मास्तर रागावले?”

“एक शब्द बोलले नाहीत. वर्षभर मला त्या घरी मात्र नेलं नाही.”

निरंजननं वहीत लिहिलं : वहाणा – जुन्या प्रचारकांची आदराची पद्धत. खाली दोन रेघा ओढल्या. रविवारच्या भाषणात हे चांगलं बसलं असतं.

वर्षभर उमेदवारीत पाळकाचं काम केल्यावर रविवारी त्याची पाळकपदाची दीक्षा होती.

हिवरदऱ्याच्या मंडळीत एक जुनी चाल होती. नव्या पाळकाच्या मस्तकावर बिशपसाहेबांनी हात ठेवण्याआधी मंडळीतलं सगळ्यांत वयस्कर माणूस उठून उभं राहायचं आणि चार शब्द म्हणायचं : “हा आमची घरं ओळखतो.” बस, एवढंच. नियमांच्या पुस्तकात ही चाल कुठं लिहिलेली नव्हती. पण ते माणूस उठलं नाही तर बिशपसाहेबही हात उचलत नसत. पूर्वी एकदा तसं झालं होतं म्हणतात. दीक्षा राहिली ती राहिलीच, आणि तो गृहस्थ पुढं कुठंतरी कारकुनीला लागला.

आणि यंदा मंडळीत सगळ्यांत वयस्कर माणूस होते शद्रकबाबा.

निरंजनची आई शनिवारच्या एसटीनं यायची होती. एका दवाखान्यात सव्वीस वर्षं फरश्या पुसून तिनं त्याला शिकवलं होतं. दीक्षेच्या पांढऱ्या झग्याचं कापड तिनंच आणलं होतं, तिनंच शिवून घेतलं होतं, आणि गल्लीतल्या सगळ्या बायांना आधी हात धुवायला लावून मगच त्याला हात लावू दिला होता.

“बाबा,” निरंजन हसत म्हणाला, “वहाणांचं छान झालं. पण मी आलोय ते वेगळ्याच कामाला. रविवारी तुम्ही उभे राहाल ना?”

बाबा शेंगा फोडत राहिले.

“गुडघे दुखतात का? खुर्ची पुढं लावायला सांगतो. दोन्ही बाजूंनी हात द्यायला माणसं ठेवतो.”

“गुडघे आहेत ठीक.”

“मग?”

“सांगा की काहीतरी. काय काय केलंत वर्षभरात?”

निरंजनला हा प्रश्न अपेक्षित होता, आणि खरं सांगायचं तर तो वाटच बघत होता. त्यानं वहीची पानं मागं नेली. रेघा आखून रकाने पाडलेले. घर. तारीख. वाचलेलं वचन. प्रार्थनेचा विषय. अक्षर मोत्यासारखं. ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात चार वर्षं त्याचा पहिला नंबर होता आणि सुवर्णपदक त्याच्या आईच्या घरी काचेच्या कपाटात होतं.

“सात गावं,” तो म्हणाला. “एकशे अकरा घरं. दोनशे चौदा भेटी. एक घर सोडलेलं नाही, बाबा. माझ्या आधीच्या पाळकांनी तीन वर्षांत एवढ्या भेटी केल्या नव्हत्या.”

“बापरे.”

“आणि रविवारचा उपदेशही तयार आहे. विषय प्रीती. ग्रीक भाषेत प्रीतीला चार शब्द आहेत. चारी मी उलगडून सांगणार आहे.”

“चार?”

“चार.”

“मला तर एकीनंच आयुष्यभर दमवलं,” बाबा म्हणाले.

निरंजन मोठ्यानं हसला. बाबाही हसले, पण त्यांचं हसू अर्ध्यातच कुठंतरी गेलं. त्यांनी सूप हलवलं, खडे बघितले. समोर देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतीवर दोघंजण रविवारसाठी चुना लावत होते, आणि एकाचा दुसऱ्याशी वाद चालला होता की बादलीत नीळ जास्त झाली. दुपार कलायला लागली होती, पण ऊन अजून डोळ्यांवर येत होतं.

“मंगळवारी वस्तीवर गेला होता म्हणे.”

“ओढ्यापलीकडच्या? हो, गेलो होतो. शिबिरावरून सोमवारी आलो आणि मंगळवारी लगेच. महिनाभर शहरात होतो ना, भेटी मागं पडल्या होत्या. अकरा घरं केली एका दिवसात.”

“उन्हाचं?”

“भर उन्हाचं.”

“कौसाबाईकडे?”

“तेच सांगणार होतो!” निरंजननं पान उलटलं आणि वही बाबांकडे वळवली. बाबांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी वहीकडे बघितलं. “हे बघा. पगारे, कौसाबाई. पती नथानेल, दमा. एक वाजून दहा मिनिटं. बाबा, खरं सांगू? वर्षभरात इतकी चांगली प्रार्थना माझ्या तोंडून झाली नसेल. त्यांचा श्वास मोकळा होऊ दे, त्यांना रात्रीची झोप लागू दे, बायकोच्या हातचे दोन घास पोटात जाऊ दे... शब्द आपोआप येत गेले. माझेच डोळे भरून आले. कौसाबाई तर रडत होत्या. आमेन म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. म्हणून मी इथं खूण केली आहे, चांदणी. सबंध वहीत अशा चांदण्या चारच आहेत.”

बाबांचे हात थांबले.

“नथू कुठं होता?”

“घरात.”

“घरात कुठं?”

“आत... असतील. झोपले असतील म्हणून मी मुद्दाम हाक मारली नाही.”

“खोकला ऐकू आला त्याचा?”

निरंजननं आठवून बघितलं. “नाही. खोकला नव्हता. म्हणजे बरंच आहे की, बाबा. झोप लागली असेल.”

“खाट कुठं होती?”

“कोणती खाट?”

“त्या घरात एकच आहे.”

निरंजनला वाटलं, म्हातारं माणूस, कुठल्या कुठं चाललंय. तरी त्यानं आठवलं. मोटारसायकल बाभळीखाली लावली. अंगणात शिरला. डोक्यावरून हेल्मेट काढलं, ते तापलं होतं. ठेवायला जागा नव्हती म्हणून...

“खाट बाहेर होती,” तो म्हणाला. “अंगणात. भिंतीला उभी करून ठेवली होती. मी तिच्या पायाला हेल्मेट अडकवलं.”

“सुंभ होतं खाटेला?”

“नाही... सोडवलं होतं. नुसता सांगाडा.”

“चहा दिला तिनं?”

“दिला. कोरा. गूळ घालून.”

“कप हातात दिला?”

“हातात.”

“बांगड्या होत्या?”



कप त्याला आठवत होता. पांढरा, कान तुटलेला, कडेला निळी रेघ. कपावरून येणारी वाफ आठवत होती. मनात पुढच्या घरासाठी कोणतं वचन घ्यावं हे चाललं होतं, तेही आठवत होतं. कपामागचा हात... तो आता हळूहळू आठवायला लागला. काळासावळा, सुरकुतलेला. आणि मनगटावर, चाळीसेक वर्षं ऊन ज्या जागी पोचलं नव्हतं तिथं, एक उजळ पट्टा. मोकळा.

चुना लावणाऱ्यांपैकी एकजण खाली उतरला आणि शिडी सरकवायला लागला.

“कधी?” निरंजननं विचारलं.

“तुम्ही शिबिराला गेलात, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शुक्रवारी सकाळी. शेजारच्या गावचे पाळक आले होते मातीला.”

“मला कुणी सांगितलं नाही!”

“नाही.”

“फोन आहे माझ्याकडे! कुणीही कळवू शकलं असतं. मंडळीचे सेक्रेटरी आहेत, पंच आहेत...”

“सगळ्यांना वाटलं, तुम्हाला कळलंच असणार. पाळक आहात.” बाबा थोडं थांबले. “मलाही तसंच वाटलं. माझीही चूक आहे त्यात.”

“आणि वस्तीवरच्या बाकीच्या दहा घरांत? तिथंही कुणी बोललं नाही!”

“तुम्ही विचारलं होतं का?”

निरंजन उठला. ओट्याच्या कडेपर्यंत गेला, परत आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शरम सोसवत नाही तेव्हा माणसाला राग फार लवकर सापडतो, तसं त्याचं झालं.

“तिनं तरी सांगायचं! मी तिच्या घरात, तिच्यासमोर उभा होतो. पहिल्याच वाक्याला थांबवायचं होतं. ‘साहेब, ते गेले.’ तीन शब्द! तेवढे बोलता येत नाहीत माणसाला? वर आमेन म्हणायचं? देवासमोर?”

“हं.”

“हं काय, बाबा? का नाही थांबवलं तिनं मला?”

“काल आली होती ती,” बाबा म्हणाले. “इथंच. तुम्ही बसला होतात तिथं बसली होती.”

निरंजन उभाच राहिला.

“चालत आली ओढा ओलांडून. मला वाटलं, कुणी आजारी आहे. पाणी दिलं, प्याली नाही. म्हणाली, ‘भाऊ, माझ्या हातून पाप झालंय. तुमाला इचारायला आले.’ मी म्हटलं, कसलं पाप? तर म्हणाली, ‘मी खोटं आमेन म्हनले.’”

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. आता ते कौसाबाईच्याच आवाजात बोलत होते. नक्कल म्हणून नाही, त्यांना दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगताच येईना.

“‘पाळकसायेब आले उन्हाचे. घामानं भिजलेले. बसा म्हनायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले. अन् ह्यांच्या दम्यासाठी मागाया लागले. मला वाटलं, थांबवावं. तोंड उघडलं बी. पर भाऊ, पोरगं इतकं जीव लावून मागत व्हतं... मधीच सांगितलं असतं तर कुठं तोंड लपवलं असतं त्यानं? त्याला दुसरी धा घरं करायची व्हती. मग मी आमेन म्हनले. च्या दिला. गेले बिचारे. रातभर मला झोप न्हाई. देवाला काय वाटलं आसंल? मेलेल्या मानसाच्या दम्याला आमेन?’”

निरंजन हळूच ओट्यावर बसला.

“म्हणाली, ‘सायबाला सांगू नका.’ मी हो म्हटलं होतं.” बाबांनी डोळे चोळले. “आता सांगितलं. मला तिच्याकडे जाऊन हे कबूल करावं लागेल.”

“तुम्ही काय उत्तर दिलंत तिला?”

“कशाचं?”

“पाप झालं का, त्याचं.”

“मी? मी चौथी शिकलेला माणूस. मी चहा टाकला.”

“चहा?”

“दूध घालून. तिच्याकडे हल्ली दूध नसतं. शेळी नथूच्या दवाखान्यापायी विकली गेली.”

निरंजननं मान खाली घातली.

“चहा पिऊन झाल्यावर बराच वेळ बसली,” बाबा म्हणाले. “मी शेंगा फोडत होतो, तीही फोडायला लागली. बोलणं काही नाही. अर्धं सूप भरलं असेल... मग म्हणाली, ‘भाऊ, खरं सांगू का? पोराला शरम नको म्हनून, हे अर्धंच खरं हाय.’ मी म्हटलं, अन् उरलेलं? तर म्हणाली...”

बाबा थांबले. या वेळी वाक्य खरंच संपलं असं वाटलं. भिंतीवरच्या माणसानं ब्रश बादलीत बुडवला, निथळवला, परत भिंतीला लावला.

“म्हणाली, ‘सायेब मागत व्हते तवर हे जित्ते व्हते. आत पडलेत, खोकत्यात, आता हाक मारतील, आसं वाटत व्हतं. मी डोळे उघडलेच न्हाईत. म्हनलं, मागू द्या. आजून थोडं मागू द्या.’”

निरंजननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“तेव्हा रडली ती,” बाबा म्हणाले. “मातीच्या दिवशी रडली नव्हती. आलेल्या माणसांना पाणी देत हिंडत होती.”

पोळ्याच्या बैलासारखा चुन्याचे शिंतोडे उडालेला तो रंगारी ओट्याशी आला आणि म्हणाला, “बाबा, नीळ जास्त झाली का बघा बरं. हा म्हणतो, देऊळ निळं दिसतंय.” बाबांनी डोळ्यांवर हात धरून भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, “वाळू दे रे. वाळल्यावर बोलू.” रंगाऱ्यानं पाळकसाहेबांकडे बघितलं, सलाम करायला हात उचलला, आणि काय वाटलं कोण जाणे, हात तसाच खाली घेऊन परत गेला.

निरंजननं वही उचलली. चांदणीचं पान उघडंच होतं. त्यानं ते पान फाडायला धरलं.

“नका फाडू,” बाबा म्हणाले.

“का?”

“पाठीमागच्या पानावर दुसऱ्या कुणाचं तरी घर असेल.”

निरंजननं हात काढून घेतला. वही मिटली.

“बाबा... तुमच्याकडून असं कधी झालंय?”

“झालंय.”

“काय झालं होतं?”

“ते सांगण्यासारखं असतं,” बाबा म्हणाले, “तर आतापर्यंत दहादा उपदेशात सांगून झालं असतं.”

निरंजननं घड्याळाकडे बघितलं आणि बघितल्याची त्याला लाज वाटली. मग तो सावरून बसला. विद्यालयात पहिला नंबर काढलेल्या माणसाला कोणत्याही प्रसंगी पुढची पायरी लगेच सुचते. त्यालाही ती सुचली, आणि थोडं हायसं वाटलं.

“मी आत्ताच जातो,” तो म्हणाला. “तिच्या पाया पडतो. माफी मागतो.”

“नको.”

“नको? बाबा, माझं चुकलंय!”

“चुकलंय.”

“मग माफी नको मागू?”

“तुम्ही पाया पडाल. रडाल. मग ती काय करील?”



“उठवील तुम्हाला,” बाबा म्हणाले. “पदरानं डोळे पुसील तुमचे. म्हणेल, जाऊ द्या सायेब, तुमचा काय दोष. चहा टाकील. बिनदुधाचा दिला म्हणून वाईट वाटून घेईल... आणि तुम्हाला बरं वाटेल.”

बाबांनी सुपातला एक खडा वेचून टाकला.

“एकदा झालं ना तिचं तुम्हाला सांभाळून? नवरा जाऊन तीन आठवडे. अजून किती करायला लावायचं तिला?”

ते रागानं बोलले नव्हते. सुपातल्या दाण्यांतून हात फिरवत, जणू त्या दाण्यांनाच सांगत बोलले. पण निरंजनला इतकं लागलं की आपल्या आईला कुणी काही बोललं असतं तरी एवढं लागलं नसतं. तो म्हणाला,

“मग मी करू काय, बाबा? सांगा. तुम्ही सांगाल ते करतो.”

“मला काय कळतंय.”

“सांगा ना.”

बाबांनी भिंतीला धरून हळूहळू पाय लांब केले. गुडघा कटकन वाजला.

“नथूला मासे फार आवडायचे,” ते म्हणाले. “ओढ्यातले, बारके. दमा होता तरी पाण्यात उतरायचा. ती ओरडायची काठावरून. साऱ्या वस्तीला ऐकू जायचं... लग्नाआधी त्यानं तिला बघितलंच नव्हतं, लग्नात तिच्या एका बहिणीलाच नवरी समजला होता. म्हातारपणापर्यंत त्यावरून चिडवायची त्याला. तो गेल्यापासून हे तिला कुणी बोलू दिलं नाही. जो येतो तो वचन वाचतो.”

निरंजन ऐकत होता. आज पहिल्यांदाच त्यानं ऐकलेलं काही लिहून घेतलं नाही.

“कुठल्या बहिणीला?” त्यानं विचारलं.

“ते मला नाही माहीत. तिलाच विचारा.”

“आणि... प्रार्थना?”

“तिनं सांगितली तर करा. नाही सांगितली तर नका करू. देव काही वस्तीवरून उठून जात नाही.”

निरंजननं मान हलवली. हेल्मेट उचललं, आणि ते हातात आल्याबरोबर त्याला उभी केलेली खाट आठवली. त्यानं हेल्मेट परत ओट्यावर ठेवलं. पिशवी घेतली, वही आत टाकली. पायऱ्या उतरला. फाटकापर्यंत गेला.

फाटकाशी तो थांबला.

देवळाची भिंत वाळत चालली होती, आणि वाळेल तशी पांढरी होत होती. आत बाकं सरकवल्याचा आवाज येत होता. रविवारी त्या बाकांवर सात गावं बसणार होती. पहिल्या बाकावर आई. नवी चप्पल घालून येणार, ती चावली तरी काढणार नाही. बिशपसाहेब थांबणार. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळणार. आणि मग... कुणी उठेल, की नाही उठणार? त्यानं पिशवीचा बंद मुठीत आवळला. हा प्रश्न विचारू नये असं त्याला मनातून वाटत होतं. तरी तो वळला.

“बाबा.”

“हं.”

“हे सगळं ठीक आहे. जातो मी तिच्याकडे. बसतो. पण... रविवारचं काय? तुम्ही उभे राहाल ना?”

शद्रकबाबांनी त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. दुखलेल्या लेकराकडे बघावं तसं ते बघत होते, आणि तेच निरंजनला सहन होईना. बाबांनी सूप जवळ ओढलं. एक शेंग घेतली. दोन बोटांत धरून नुसती फिरवत राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “तिच्याकडे जाताना हा प्रश्न बरोबर घेऊन जाऊ नका. तिला बघताक्षणी कळेल... आणि तुम्हाला सांभाळायला ती रविवारी माझ्या आधी उठून उभी राहील.”

निरंजननं फाटक लोटून घेतलं आणि ओढ्याच्या वाटेला लागला.